लकव्यानंतर घरातली कामं पुन्हा कशी सुरू करायची? घाई का नको आणि उशीरही का नको?

राळेगाव : लकव्याचा रुग्ण दवाखान्यातून घरी येतो, तेव्हा घरच्यांच्या हातात गोळ्यांची पिशवी, सिटी स्कॅनचा मोठा लिफाफा आणि डिस्चार्ज कार्ड असतं. कार्डावर गोळ्यांच्या वेळा असतात, पुढच्या तपासणीची तारीख असते. खाली कुठेतरी ‘फिजिओथेरपी’ एवढा एक शब्द असतो. पण उद्या सकाळी आंघोळ कशी घालायची, जेवू कुठल्या हाताने द्यायचं, गॅसजवळ जाऊ द्यायचं की नाही, याची उत्तरं त्या कार्डावर नसतात.

मग बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर ‘आई, तू फक्त पडून राहा, आम्ही करतो सगळं’ असं म्हणून सगळी कामं काढून घेतली जातात. नाही तर रुग्ण चार पावलं चालायला लागला की ‘आता तर बरी झाली’ असं समजून सगळं काम एकदम त्याच्या अंगावर येतं. पहिल्या प्रकारात दुबळा हात वापराविना तसाच राहतो. दुसऱ्या प्रकारात पडणं, भाजणं, थकून हताश होणं असे प्रकार होतात. कामं परत द्यायची, पण तुकड्या-तुकड्याने द्यायची, हा यातला मधला मार्ग. तो कसा चालायचा, हे समजून घेऊ.

राळेगावसारख्या तालुक्यात हा प्रश्न अवघड का?

लकवा हा शहरातल्या, बसून काम करणाऱ्यांचा आजार आहे, असा एक समज आहे. विदर्भातल्याच एका अभ्यासाने तो खोटा ठरवला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातल्या ८६ गावांत, सुमारे ९४ हजार लोकसंख्येत, २०११ ते २०१३ अशी दोन वर्षं प्रत्येक मृत्यूचं कारण तपासलं. एकूण १,५९९ मृत्यूंपैकी २२९ म्हणजे सुमारे १४ टक्के मृत्यू लकव्याने झाले होते. त्या गावांत मृत्यूचं सर्वांत मोठं कारण लकवाच निघालं. लकव्याने गेलेल्यांपैकी ८७ टक्के लोकांचा मृत्यू घरीच झाला होता. २०१५ मध्ये ‘स्ट्रोक’ या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

हे आकडे गेलेल्यांचे आहेत. जे वाचतात, त्यांचा पुढचा काळही घरातच जातो. राळेगाव तालुक्यातल्या रुग्णाला मोठ्या उपचारासाठी यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावं लागतं, नाही तर वर्धा नदी ओलांडून सेवाग्राम किंवा सावंगी. झटक्याच्या वेळी नातेवाईक कसंही करून तिथे पोहोचतात. पण फिजिओथेरपीसाठी आठवड्यातून तीन-चार वेळा गावातून तिकडे जाणं म्हणजे दोघांचं एसटीचं भाडं आणि सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी. दोन-तीन फेऱ्यांनंतर बऱ्याच घरांत हे थांबतं.

त्यात हा कापसाचा पट्टा. दिवाळीच्या आसपास वेचणी सुरू झाली की घरातलं धडधाकट माणूस सकाळीच शेतात जातं. लकव्यातून उठलेली व्यक्ती दिवसभर घरात एकटी किंवा शाळकरी नातवंडाच्या भरवशावर असते. त्यामुळे ‘ती स्वतःचं स्वतः किती करू शकते’ हा प्रश्न इथे सोयीपुरता राहत नाही. घर चालणार की कुणाची मजुरी किंवा शाळा सुटणार, हे त्यावर ठरतं.

लकव्यात नेमकं काय होतं?

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अचानक तुटतो. कधी रक्तवाहिनीत गुठळी अडकते, कधी रक्तवाहिनी फुटते. त्या भागातल्या पेशी मरतात आणि तो भाग जे काम सांभाळत होता, ते बंद पडतं. मेंदूची डावी बाजू शरीराचा उजवा भाग चालवते. त्यामुळे डाव्या बाजूला इजा झाली की उजवा हात-पाय जातो आणि बऱ्याचदा बोलणंही अडकतं.

दोष हाताच्या स्नायूत नसतो, हे इथे लक्षात ठेवायचं. हात शाबूत असतो, त्याला हुकूम देणारी तार तुटलेली असते. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण शेजारचे भाग सरावाने ते काम शिकू शकतात. हे शिकणं पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होतं, त्यानंतर वेग कमी होतो. मात्र ‘सहा महिने झाले, आता काही होणार नाही’ हेही खरं नाही. सराव चालू राहिला तर त्यानंतरही थोडी थोडी सुधारणा होते.

म्हणून पहिले काही महिने केवळ तेलाच्या मालिशीत किंवा कबुतराच्या रक्तासारख्या उपायांत गेले, तर त्याची किंमत मोठी असते. हलक्या हाताने केलेल्या मालिशीने अंगाला बरं वाटतं, पण मेंदू नवं काम शिकत नाही. मेंदू शिकतो तो हालचाल स्वतः पुन्हा पुन्हा केल्याने.

‘बरा झाला’ म्हणजे किती बरा?

दवाखान्यात लकव्याच्या रुग्णाची प्रगती मोजायला ‘बार्थेल इंडेक्स’ ही मोजपट्टी जगभर वापरतात. फ्लॉरेन्स महोनी आणि डोरोथिया बार्थेल या दोघींनी ती १९६५ मध्ये अमेरिकेत मांडली. त्यात दहा गोष्टींना गुण आहेत : जेवणं, आंघोळ, तोंड धुणं-केस विंचरणं, कपडे घालणं, शौचावर ताबा, लघवीवर ताबा, संडासला जाणं, पलंगावरून खुर्चीवर बसणं, चालणं आणि जिना चढणं. एकूण गुण १००.

या यादीत स्वयंपाक नाही. झाडलोट, पाणी भरणं, कपडे धुणं, दुकानात जाणं, पैशांचा हिशेब, यातलं काहीच नाही. मोजपट्टी तयार करणाऱ्या दोघींनीही तेव्हाच बजावलं होतं की, १०० पैकी १०० गुण मिळवणारा रुग्ण एकटा राहू शकेल असा अर्थ काढू नका, त्याला कदाचित स्वयंपाक आणि घर सांभाळणं जमणार नाही.

ही उणीव भरायला १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी दुसरी मोजपट्टी आणली. तिच्यात फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं आणि पैसे अशी आठ कामं आहेत. गंमत अशी की, मूळ मोजपट्टीत पुरुषांची फक्त पाच कामं मोजली जात. स्वयंपाक, घरकाम आणि कपडे धुणं ही तीन कामं त्यांच्यासाठी वगळलेली होती.

याचा घरातला अर्थ सरळ आहे. ‘चालता येतं’ आणि ‘घर चालवता येतं’ यांत बरंच अंतर आहे. बाईमाणूस आजारी असेल तर हे अंतर कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ती चालायला लागली की स्वयंपाकघर तिचंच धरलं जातं. पुरुष आजारी असेल तर उलटं होतं. त्याला घरातलं कुठलंच काम दिलं जात नाही आणि तो दिवसभर बाजेवर बसून राहतो. त्याचा सराव तिथेच थांबतो.

घरकाम हाच सराव कसा होतो?

या विचाराचं एक शास्त्र आहे. त्याला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात आणि भारतात त्याची सुरुवात महाराष्ट्रातच झाली. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर महाराष्ट्राच्या झालेल्या कमलाताई निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. फलटणची ‘कमला निंबकर बालभवन’ ही शाळा त्यांच्याच नावाने आहे. आज नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही हा अभ्यासक्रम चालतो.

फिजिओथेरपिस्ट ताकद, तोल आणि चालणं यावर काम करतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट विचारतो, ‘तुम्हाला रोजचं कुठलं काम परत करायचंय?’ मग ते काम छोट्या पायऱ्यांत तोडून शिकवतो. रबरी चेंडू शंभर वेळा दाबायचा कंटाळा येतो. पण लसूण सोलणं, तुरीच्या शेंगा सोलणं, डाळ निवडणं यात बोटांच्या त्याच हालचाली होतात आणि समोर भरलेली वाटी दिसते.

दुबळा हात वापरला नाही तर काय होतं, यावर अमेरिकी शास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी काम केलं. सुरुवातीला हात हलत नाही म्हणून रुग्ण चांगल्या हाताने सगळं उरकायला शिकतो. पुढे दुबळ्या हातात थोडी ताकद येते, पण तोवर तो हात न वापरायची सवय पक्की झालेली असते. त्यावर टॉब यांनी चांगल्या हातात मोजा घालून दुबळ्या हाताकडून काम करून घ्यायची पद्धत मांडली. तिची चाचणी २२२ रुग्णांवर झाली, तिचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. दोन आठवडे जागेपणीचा बहुतेक वेळ मोजा घालून, रोज तासन्‌तास सराव केलेल्यांच्या हातात नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारणा दिसली.

मनगट आणि बोटं थोडी तरी हलतात, अशाच रुग्णांना ही पद्धत लागू पडते. थेरपिस्टला न विचारता घरीच चांगला हात बांधून ठेवू नका. तोल गेला तर सावरायला तोच हात लागतो. पण यातला साधा धडा कुठल्याही घरात चालतो. प्रत्येक कामात दुबळ्या हाताला काहीतरी वाटा द्या. भाकरी थापता येत नसेल तर परात धरायची, तेही जमत नसेल तर हात नुसता परातीवर ठेवायचा.

मग पहिल्या दिवसापासून कामाला लावायचं का?

नाही. इथे संशोधनाने दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्या आहेत.

पहिली घाईबद्दल. ‘अव्हर्ट’ नावाच्या चाचणीत पाच देशांतले २,१०४ रुग्ण होते. झटक्यानंतर २४ तासांच्या आत आणि जास्त प्रमाणात उठवून चालवलेल्या रुग्णांची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीची काळजी घेतलेल्यांपेक्षा चांगली नव्हती, उलट थोडी वाईट निघाली. हे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. म्हणजे रुग्णाला कधी उठवायचं आणि किती, हे सुरुवातीच्या दिवसांत डॉक्टरांनाच ठरवू द्या.

दुसरी गोष्ट भारतातली. ‘अटेंड’ या चाचणीत देशातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्ण होते. अर्ध्या रुग्णांच्या घरच्या माणसाला दवाखान्यातच सराव करून घ्यायला शिकवलं आणि घरी तो चालू ठेवायला सांगितलं. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत्यू झालेले किंवा दुसऱ्यावर अवलंबून असलेले रुग्ण सारखेच निघाले, ४७ टक्के. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झालं.

याचा अर्थ घरचा सराव वाया जातो असा नाही. पण एकदा शिकवून घरच्यांवर सोडून दिलं की काम झालं, असंही होत नाही. थेरपिस्टची जागा घर घेऊ शकत नाही. रोज जाणं शक्य नसेल तर निदान पंधरा दिवसांतून किंवा महिन्यातून एकदा दाखवा, पुढचा सराव लिहून घ्या आणि तो मोबाइलवर व्हिडिओ करून आणा. गावी परतल्यावर ‘ते काय सांगितलं होतं’ हा प्रश्न उरत नाही.

कामं परत द्यायचा क्रम कसा ठेवायचा?

आठवडे मोजून पुढे जाऊ नका. आधीची पायरी सलग काही दिवस न दमता, न पडता जमली की पुढची घ्या.

पहिली पायरी, स्वतःचं अंग. जेवण, तोंड धुणं, कपडे घालणं. कपडे घालताना दुबळा हात आधी बाहीत घाला, काढताना तो शेवटी काढा. काही महिने लुगड्याऐवजी समोर बटणं असलेला गाऊन, धोतराऐवजी इलॅस्टिकचा पायजमा सोयीचा पडतो. इथे घरच्यांची परीक्षा असते. बटण लावायला दहा मिनिटं लागत असतील तर लागू द्या.

दुसरी पायरी, बसून करायची कामं. लसूण सोलणं, भाजी निवडणं, शेंगा सोलणं, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या, पोरांच्या दप्तराची आवराआवर, दूध-किराण्याचा हिशेब. पाठीला आधार असलेल्या खुर्चीत, समोर स्टूल किंवा टेबल ठेवून.

तिसरी पायरी, दोन हातांची कामं. कणीक मळताना दुबळा हात खाली, चांगला हात वर ठेवून दोन्ही मिळून दाबायचं. परातीखाली ओला कपडा ठेवला की ती सरकत नाही. कांदा-बटाटा धरता येत नसेल तर एका लाकडी पाटाला खालून दोन स्वच्छ, न गंजणारे खिळे ठोकून घ्या. वर आलेल्या टोकांत कांदा खोवला की एका हाताने चिरता येतो. वापर झाला की पाट मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा.

चौथी पायरी, उभं राहून करायची कामं. ओट्याला कंबर टेकवून दोन-चार भांडी विसळणं, लांब दांड्याच्या झाडूने एक खोली झाडणं, दोरीवर हलके कपडे वाळत घालणं. ओटा घट्ट असावा आणि मागे खुर्ची असावी.

पाचवी पायरी, विस्तव. चहापासून सुरुवात करा आणि पहिले काही दिवस कुणीतरी जवळ हवंच. चहा हे काम छोटं दिसतं, पण त्यात गॅस पेटवणं, मापाने पाणी-साखर, उकळीवर लक्ष, गाळणं आणि गॅस बंद करणं इतक्या गोष्टी क्रमाने आठवाव्या लागतात. रुग्णाचं डोकं किती साथ देतंय, हे त्यातून कळतं. गरम तेल, कुकर आणि भरलेलं पातेलं उचलणं सर्वांत शेवटी. चुलीपाशी खाली बसणं-उठणं अवघड असतं, त्यामुळे शक्य असेल तर सुरुवात गॅसवर करा.

सहावी पायरी, घराबाहेर. शेजारी जाणं, दुकानातून एक वस्तू आणणं. पाण्याची भरलेली गुंडी डोक्यावर घेणं, विहिरीवरून ओढणं, शेतातलं ओझं या कामांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. पाणी आणायचंच असेल तर अर्धी बादली, चांगल्या हाताने.

घरात काय बदलायचं?

महागडं काही लागत नाही. बहुतेक बदल गावातल्या सुताराकडून किंवा प्लंबरकडून होतात.

- झोपायला सैल विणीची बाज नको. तिच्यात अंग रुततं आणि उठता येत नाही. घट्ट गादीचा लाकडी पलंग किंवा तख्त बरं.
- आंघोळ प्लॅस्टिकच्या मजबूत खुर्चीवर बसून. बादली चांगल्या हाताच्या बाजूला. पाणी आधी चांगल्या हाताने तपासायचं, कारण दुबळ्या हाताला चटका कळेलच असं नाही.
- भारतीय बैठकीच्या संडासात उठबस करणं या काळात धोक्याचं असतं. वर ठेवायची कमोड खुर्ची मिळते. भिंतीला एक पक्का दांडा ठोकून घ्या.
- संडास अंगणात असेल तर रात्री पलंगाजवळ भांडं आणि वाटेवर दिवा.
- उंबरठ्याची कड पांढऱ्या रंगाने रंगवा. सैल चटई, पायपुसणं उचला. सारवलेली जमीन वाळेपर्यंत रुग्णाला त्यावर चालू देऊ नका.
- काठी चांगल्या हातात. सोबत चालणाऱ्याने दुबळ्या बाजूला राहायचं. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी.
- रुग्णाला उठवताना दुबळा हात धरून कधीच ओढू नका. त्याचा खांदा आधीच सैल झालेला असतो. ओढल्याने तो निखळू शकतो आणि मग दुखण्यामुळे सरावच बंद पडतो.

डोळ्यांना न दिसणाऱ्या अडचणी कोणत्या?

घरातली बरीच भांडणं इथे होतात. हात-पाय ठीक दिसतात, पण काम होत नाही, मग ‘मुद्दाम करत नाही’ असा अर्थ काढला जातो.

थकवा ही पहिली अडचण. लकव्यानंतरचा थकवा नेहमीच्या दमण्यासारखा नसतो, आंघोळ केली तरी दोन तास झोपावं लागतं. तो आळस नाही. जड कामं सकाळी, मध्ये विश्रांती, दोन कामं एकामागून एक नाहीत, एवढं पाळलं तरी फरक पडतो.

काही रुग्णांचं एका बाजूकडे लक्षच जात नाही, बहुतेकदा डाव्या. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, डावीकडचा गॅस चालू राहतो. नजर चांगली असते, मेंदू त्या बाजूची दखल घेत नाही. अशा व्यक्तीला विस्तवाजवळ एकटं सोडू नये.

काहींना कंगवा हातात घेऊन त्याचं काय करायचं, हेच सुचत नाही. काहींना सगळं समजतं पण शब्द सापडत नाही. त्यांच्याशी मोठ्याने ओरडून किंवा लहान मुलासारखं बोलू नका. हो-नाही असं उत्तर देता येईल असे छोटे प्रश्न विचारा आणि उत्तराला वेळ द्या.

पाणी पिताना ठसका लागणं, आवाज घोगरा होणं याचा अर्थ गिळण्यात अडचण आहे. पाणी किंवा अन्न फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. जेवताना रुग्ण ताठ बसलेला हवा आणि ही तक्रार डॉक्टरांना लगेच सांगायला हवी.

आणि उदासी. लकव्यानंतर साधारण तीनपैकी एका रुग्णाला नैराश्य येतं. रडू येणं, सराव नको म्हणणं, कुणाशी न बोलणं ही त्याची लक्षणं. त्यावर उपचार आहेत. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

सांभाळणाऱ्याचं काय?

घरात लकव्याचा रुग्ण आला की बहुतेकदा एकाच बाईचं काम दुप्पट होतं. सून, मुलगी किंवा बायको. तिची झोप मोडते, उचलताना कंबर जाते, मजुरी बुडते. रुग्णाला पायरी-पायरीने कामं परत देण्यात तिचीही सुटका आहे. पण आंघोळ आणि व्यायाम यांच्या पाळ्या घरातल्या पुरुषांनीही वाटून घेतल्या पाहिजेत. रुग्ण पुरुष असेल तर त्यालाही लसूण सोलायला आणि कपड्यांच्या घड्या करायला बसवा. बोटांना बाईचं काम आणि पुरुषाचं काम कळत नाही.

दुसरा झटका कसा टाळायचा?

कामं परत मिळवायची सगळी मेहनत एका दिवसात पुसली जाऊ शकते. एकदा लकवा झालेल्याला पुन्हा होण्याचा धोका असतो आणि त्याचं सर्वांत मोठं कारण बीपी. ‘बरं वाटतंय’ म्हणून बीपीची गोळी बंद करू नका, बीपी वाढलेलं अंगावर जाणवत नाही. तंबाखू, खर्रा, बिडी, दारू बंद. लोणचं, पापड आणि वरून घेतलेलं मीठ कमी. रक्त पातळ करायची गोळी शेजाऱ्याला दिली होती म्हणून आपणही घ्यायची नाही. रक्तवाहिनी फुटून झालेल्या लकव्यात ती घातक ठरू शकते.

तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात खाली पडणं, जीभ अडखळणं, यांपैकी एक जरी अचानक दिसलं तरी वेळ पाहून ठेवा आणि १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सिटी स्कॅन झाल्यावर. त्यामुळे मालिश, अंगारा किंवा ‘सकाळी बघू’ यात वेळ घालवणं परवडत नाही. फिट येणं, पोटरी सुजून दुखणं, ताप आणि खोकला एकत्र येणं, डोक्यावर पडणं या वेळीही थांबू नका.

मदत कुठे मिळते?

- बीपी-शुगरची तपासणी आणि गोळ्या गावाजवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. आशाताईंना विचारा. त्याच गोळ्यांसाठी दर वेळी यवतमाळला जायची गरज नाही.
- दवाखान्यात भरती असतानाच ‘आरोग्यमित्रा’ला भेटून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतात का, हे विचारा. रेशन कार्ड आणि आधार जवळ ठेवा.
- डिस्चार्जच्या दिवशी फिजिओथेरपी विभागात जाऊन घरचा सराव प्रत्यक्ष करून बघा. ‘आमच्या घरी चूल आहे, संडास अंगणात आहे’ हे तिथेच सांगा.
- अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त राहिलं तर दिव्यांग हक्क कायदा, २०१६ नुसार प्रमाणपत्र मिळतं. ‘स्वावलंबन’ पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करता येतो. निकषात बसत असल्यास संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात चौकशी करा.

थोडक्यात

घरी आल्यावर रुग्णाला आराम लागतो, पण नुसता आराम पुरत नाही. रोज एक काम ठरवा, ते रुग्णाच्याच हातून होऊ द्या आणि दुबळ्या हाताला त्यात वाटा द्या. वेळ लागला तर लागू द्या, मात्र विस्तव, ओली जमीन आणि बीपीची गोळी यांच्याबाबतीत सूट नको. कॅलेंडरवर रोज रात्री एक ओळ लिहिता येते : आज काय स्वतः केलं, कुठे मदत लागली. महिन्याने डॉक्टर विचारतील, ‘कसं आहे?’ तेव्हा ‘बरं आहे’ याऐवजी ते कॅलेंडर पुढे करा. पुढचा उपचार ठरवायला त्यांना त्याचा जास्त उपयोग होईल.